सभेचा खंड व रिकाम्या आसनांची भरती
(चिमूर परगण्याच्या निमित्तानें)

(१)

स्थानिक सभांचीं जुनीं कार्यवृत्त-पुस्तकें चाळतांना संग्राहकास एक अनुभव हटकून येतो. कांहीं वर्षें प्रत्येक ठरावापूर्वीं पंधरा-वीस सभासदांच्या उपस्थितीची नोंद असते. पुढें एका पानापासून ती नोंद नाहींशी होऊन एकट्या अधिकाऱ्याची सही दिसूं लागते. आणि कांहीं काळानें पुन्हा अनेक नांवें, परंतु बहुधा निराळीं, उमटतात. अशा वेळीं पहिली संस्था बुडाली व तिच्या जागीं दुसरी स्थापन झाली, असा समज सहज होतो. त्या समजुतीनें एकाच दप्तराचे दोन तुकडे पडतात, आणि मधलीं एका सहीचीं पानें निरुपयोगी मानून रद्दींत जातात. हा समज चुकीचा आहे. तो कां चुकीचा आहे, सभेचा खंड म्हणजे काय, तो कसा मिटतो व रिकामीं आसनें कोणत्या रीतीनें भरलीं जातात, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचनासाठीं आम्हीं चिमूर हें ठिकाण घेतलें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील हें गांव पूर्वीं चांदा जिल्ह्याच्या वरोरा तहसिलींत मोडत असे. आज तें स्वतंत्र तालुक्याचें ठाणें आहे. बालाजीच्या घोडायात्रेमुळें व सन १९४२ च्या उठावामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें चिमूरचें महत्त्व निराळें आहे. सन १८८३ पासून आजपर्यंत या एका गांवाच्या कारभाराशीं लोकल बोर्ड, डिस्ट्रिक्ट कौन्सिल, जनपद सभा, ग्रामपंचायत, पंचायत समिति, जिल्हा परिषद व शेवटीं नगर परिषद इतक्या सभांचा संबंध आला. मध्यप्रांत, द्विभाषिक मुंबई राज्य व महाराष्ट्र अशा तीन राजवटींचे कायदे येथें एकापाठीं एक लागू झाले. त्यामुळें सभा मोडण्याचे व पुन्हा उभी करण्याचे निरनिराळे नियम एकाच जागीं तपासून पाहतां येतात.

(२)

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. व्यवहारांत "सभा बरखास्त झाली" एवढें एकच वाक्य सर्व प्रसंगीं वापरतात. पण कायद्याच्या दृष्टीनें चार प्रसंग भिन्न आहेत, व चारही प्रसंगांचे कागद भिन्न असतात.

पहिला प्रसंग मुदत संपण्याचा. यांत कोणाचा दोष नसतो. ठरलेलीं वर्षें भरलीं कीं सभासदांचे अधिकार आपोआप संपतात. दुसरा प्रसंग बरखास्तीचा. यांत मुदतीच्या आंत सरकार कारणें देऊन सर्व सभासदांस घरीं पाठवितें; कर्तव्यांत कसूर, अधिकाराचा दुरुपयोग किंवा कारभार चालविण्याची असमर्थता हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. तिसरा प्रसंग अधिक्रमणाचा, ज्यास जुन्या बोलींत सभा "तहकूब" करणें म्हणत. यांत सरकार सभेचे अधिकार ठराविक काळापुरते काढून एका अधिकाऱ्याकडे सोंपवितें. जुन्या कायद्यांत हा काळ हुकमांतच लिहिलेला असे, व बहुधा तो वाढवितांही येत असे. चौथा प्रसंग केवळ रिकाम्या आसनाचा. सभा चालूच असते. मृत्यु, राजीनामा, अपात्रता किंवा दीर्घ गैरहजेरी यांमुळें एखादें आसन तेवढें मोकळें होतें.

या चारही प्रसंगीं एक गोष्ट मात्र बदलत नाहीं. स्थानिक सभा ही कायद्यानें निर्माण केलेली व्यक्ति असते. तिला अखंड परंपरा व सामाईक मोहोर असते. ती मिळकत धारण करिते, करार करिते, दावा लावते व तिच्यावर दावा लागतो. सभासद म्हणजे ती व्यक्ति नव्हे. सभासद हे तिच्या आसनांवर कांहीं काळ बसणारे लोक. म्हणून सर्व आसनें रिकामीं झालीं तरी संस्था मरत नाहीं. तिची मोहोर तीच राहते, तिचें कर्ज तेंच राहतें, नोकर तेच राहतात आणि घरपट्टीची थकबाकीही तीच राहते. प्रशासकाच्या सहीचीं पानें त्याच पुस्तकाचा भाग कां मानावीं याचें उत्तर येथेंच आहे. तो अधिकारी आपल्या नांवानें कांहींच करीत नाहीं. तो सभेचे अधिकार सभेच्या नांवानें चालवितो.

(३)

आसन राहतें व मनुष्य बदलतो, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी कायद्याबरोबर आली असें मानण्याचें कारण नाहीं. देशावरील वतनी गांवांत तिचें जुनें रूप स्पष्ट दिसतें. पाटिलकी हें वतन. पाटील हा तिचा धारक. वंश नष्ट झाला, वा धारक परागंदा झाला, तरी पाटिलकी नष्ट होत नसे. ती गांवाच्या हिशेबीं उभीच राही. अशा रिकाम्या वतनावर नवा धनी बसवावयाचा किंवा दोन दावेदारांचा निवाडा करावयाचा, तर गोतसभा भरे व महजर होई. महजराच्या आरंभीं हाजिर मजालस, म्हणजे कोण कोण उपस्थित होतें त्याची यादी असे, आणि ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर असे, हें महजर पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. निवाडा जिंकणाऱ्याकडून दिवाणांत हरकी घेतली जाई. पदाचें सातत्य, भरतीचा अधिकार कोणाचा याचा निर्णय, उपस्थितांची नोंद व शेवटीं लेखी पुरावा हीं चारही अंगें त्यांत आहेत.

मात्र चांदा प्रांताविषयीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. येथें गोंड राजांचा व पुढें नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि नागपूर राज्यांतील पाटील हा देशावरील मिरासदार पाटलासारखा घट्ट वतनदार नव्हता. तो बव्हंशीं सरकारांत वसूल भरण्याची जबाबदारी घेणारा होता व त्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर टिके. सन १८५४ मध्यें भोसल्यांचें राज्य खालसा झालें, सन १८६१ मध्यें मध्यप्रांत हा स्वतंत्र प्रांत झाला, आणि पुढील दशकांतील जमाबंदीनें या वसूलदारांस मालगुजार म्हणून जमिनीचे मालक केलें. चांदा जिल्ह्याची ही जमाबंदी मेजर लुसी स्मिथ यानें पुरी केली. मालगुजारांपैकीं अथवा त्यांच्या वतीनें जो गांवचा कारभार पाही तो मुकद्दम. हा मुकद्दम आमच्या विषयांत महत्त्वाचा आहे; कारण पहिल्या स्थानिक सभेंतील आसन त्याच्याच हातून भरलें जाऊं लागलें. देशावरील महजराचा नमुना चिमुराकडील कागदांस जसाच्या तसा लावूं नये, असें आम्हीं म्हणतों तें याचसाठीं.

(४)

लॉर्ड रिपन याच्या सन १८८२ च्या प्रसिद्ध ठरावानंतर मध्यप्रांतानें सन १८८३ मध्यें स्थानिक स्वराज्याचा कायदा केला. नगरपालिका त्यापूर्वींच होत्या. चांदा शहराची नगरपालिका सन १८६७ ची. नव्या कायद्यानें खेड्यांसाठीं तहसिलीच्या पायरीवर लोकल बोर्ड व जिल्ह्याच्या पायरीवर डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी रचना केली. गांवांचे गट पाडावयाचे, त्या गटांतील मुकद्दमांनीं आपल्यांतून प्रतिनिधि निवडावयाचे, व्यापारी वर्गानें आपले निवडावयाचे, आणि राहिलेलीं कांहीं आसनें सरकारनियुक्तीनें भरावयाचीं. नियुक्तांची संख्या एक-तृतीयांशावर जाऊं नये असें बंधन होतें. लोकल बोर्डांनीं आपल्यांतून डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर माणसें पाठवावयाचीं.

या रचनेंत आसन रिकामें होणें व भरणें यांचा अर्थ आजच्याहून फार वेगळा होता. सर्वसाधारण रयत मतदार नव्हतीच. मतदार होता तो एक हुद्देदार. त्यामुळें त्या काळच्या कागदांत मतदारयादी शोधण्यापेक्षां मुकद्दमांच्या याद्या शोधणें अधिक फलदायी आहे. एखाद्या गटांत कोणी निवडून आला नाहीं तर सरकारी नियुक्ति हा शेवटचा उपाय असे. म्हणून जुन्या लोकल बोर्डाच्या पुस्तकांत एखादें नवें नांव अचानक आढळलें तर तें निवडून आलें कीं नेमून आलें, हा प्रश्न संग्राहकानें पहिल्यानें विचारावा.

सन १९२० मध्यें हा कायदा बदलला, त्याच वर्षीं ग्रामपंचायतींचा पहिला प्रांतिक कायदा झाला, व सन १९२२ मध्यें नगरपालिकांचा नवा कायदा आला. मतदार वाढले, निवडलेल्यांचें प्राबल्य वाढलें. परंतु सभा मोडण्याचा वा तहकूब करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारनें आपल्या हातीं राखला. हें सरकार म्हणजे नेमकें कोण, हें मात्र वेळोवेळीं बदलत गेलें. द्विदल पद्धतींत स्थानिक स्वराज्य हें सोंपीव खातें होतें, म्हणजे तें मंत्र्याकडे असे. परंतु सन १९२३ च्या निवडणुकींत मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलांत स्वराज्य पक्षाचें बहुमत झालें. त्यानें मंत्र्यांचा पगार जवळ जवळ शून्यावर आणला. मंत्री गेले, आणि सन १९२४ मध्यें सोंपीव खातीं गव्हर्नराकडे आलीं. सन १९२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा मंत्री बसले. पुढें सन १९३९ च्या नोव्हेंबरांत काँग्रेस मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, तेव्हांपासून सन १९४६ च्या एप्रिलपर्यंत प्रांताचा सारा कारभार गव्हर्नराच्या हातीं होता. म्हणजे ज्यानें मोडलेली स्थानिक सभा पुन्हा उभी करावयाची, त्याच्याच वरच्या सभेस खंड पडला होता. या दोन कालखंडांतील हुकूम वाचतांना "प्रांतिक सरकार" या शब्दांमागें लोकांस जबाबदार असा मंत्री नव्हता, हें ध्यानांत ठेवल्यावांचून त्यांचा अर्थ लागत नाहीं.

तहकुबी नेहमींच गैरकारभारामुळें होई असेंही नाहीं. याचें निर्विवाद उदाहरण मुंबई इलाख्यांत मिळतें. असहकाराच्या काळीं अहमदाबाद व सुरत येथील नगरपालिकांनीं आपल्या प्राथमिक शाळांवरील सरकारी देखरेख नाकारली, म्हणून सन १९२२ मध्यें त्या दूर करून सरकारनें कारभार नियुक्त मंडळींकडे दिला. अहमदाबादेस पुन्हा निवडणूक झाली तेव्हां, सन १९२४ मध्यें, सरकारशीं झगडणाऱ्यांचे अग्रणी वल्लभभाई पटेल हेच अध्यक्ष झाले. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, तहकुबीचा हुकूम हा सभासदांच्या नालायकीचा पुरावा नव्हे. दुसरी, सभा पुन्हा उभी करणें याचा अर्थ जुने सभासद परत बसविणें असा होत नाहीं. तेच लोक परत आले तरी ते मतदारांच्या हातून, नव्या मुदतीवर व नव्या अधिकारानें येतात. जुन्यांस त्यांच्या जुन्याच अधिकारानें परत बसविण्याचें काम फक्त न्यायालय किंवा वरिष्ठ अधिकारी, बरखास्तीचा हुकूमच बेकायदा ठरवून, करूं शकतो. अशा वेळीं मधला खंड कायद्याच्या दृष्टीनें पुसला जातो. कागदावर मात्र तो राहतोच.

(५)

चिमूरच्या इतिहासांत सत्तेचा जो खंड सर्वांस ठाऊक आहे, तो सन १९४२ चा. ता. १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चिमुरांत उठाव झाला. गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला, व लोकांच्या संतापांत सरकारी अधिकारीही मारले गेले. लष्कर येऊन पोंचेपर्यंत सुमारें तीन दिवस चिमुरांत इंग्रज सरकारचा अंमल नव्हता. नंतरची धरपकड, सामुदायिक दंड, स्त्रियांवरील अत्याचारांच्या चौकशीसाठीं प्रा. भन्साळी यांनीं केलेला ६३ दिवसांचा उपवास, व फांशीच्या शिक्षा कमी करण्यासाठीं झालेली चळवळ हा इतिहास अन्यत्र विस्तारानें आला आहे. तो येथें पुन्हा सांगत नाहीं.

आमच्या विषयापुरती त्यांतील गोष्ट एवढीच. जेव्हां एखाद्या गांवचे कर्ते पुरुष मोठ्या संख्येनें तुरुंगांत जातात, तेव्हां हुकमावांचूनही आसनें रिकामीं होतात. परवानगीवांचून दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्या सभासदाचें आसन मोकळें धरावें, असा नियम स्थानिक कायद्यांत सर्रास आढळतो. पुढें सन १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत ही मर्यादा लागोपाठ सहा महिन्यांची ठेविली आहे. म्हणून सन १९४२ ते १९४५ या काळांतील कोणत्याही सभेच्या पुस्तकांत "गैरहजेरीमुळें आसन रिक्त" अशी कोरडी नोंद आढळली, तर ती आळसाची नोंद समजूं नये. तुरुंगाच्या याद्यांशीं ती ताडून पाहावी. गांवाचे तीन दिवस सर्वांच्या तोंडीं आहेत. या कोरड्या नोंदी कोणाच्याच तोंडीं नाहींत, आणि त्या गेल्या तर दुसऱ्या कोणत्याही साधनानें भरून येणार नाहींत.

(६)

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें सन १९४८ मध्यें जनपद योजना अमलांत आणली. डिस्ट्रिक्ट कौन्सिलें व लोकल बोर्डें गेलीं, आणि तहसील हा घटक धरून जनपद सभा आल्या. सन १९५६ मध्यें विदर्भ मुंबई राज्यांत आला. सन १९५९ मध्यें सन १९५८ चा ग्रामपंचायत कायदा लागू झाला. सन १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि ता. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू होऊन जनपदें संपलीं. पुढें सन १९८२ मध्यें चांदा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

ही बरखास्ती नव्हे, वारसा होय. कायदा जुनी सभा संपवितो, पण तिची मिळकत, देणें, नोकर व दप्तर नव्या सभेच्या ओटींत घालतो. संग्राहकास याचा व्यावहारिक उपयोग असा कीं, जनपदाचे कागद जनपदाच्या नांवानें शोधल्यास सांपडत नाहींत; ते वारस झालेल्या पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या जुन्या गठ्ठ्यांत शोधले पाहिजेत. गडचिरोलीकडील जुने कागद तर सन १९८२ पूर्वींच्या चांदा दप्तरांतच पाहावे लागतात.

(७)

येथपर्यंतच्या सर्व कायद्यांत एक मोठी उणीव होती. सभा कशी मोडावी हें त्यांत सविस्तर सांगितलेलें असे. ती केव्हांपर्यंत पुन्हा उभी केलीच पाहिजे, हें मात्र सरकारच्या सोयीवर राही. सन १९९३ मध्यें राज्यघटनेची ७३ वी व ७४ वी दुरुस्ती अमलांत आली, तेव्हां ही उणीव दूर करण्याचा यत्न झाला. पंचायतींसाठीं अनुच्छेद २४३-ङ व नगरपालिकांसाठीं अनुच्छेद २४३-प यांनीं सभेची मुदत पांच वर्षें ठरविली, व त्याहून अधिक नाहीं असें स्पष्ट म्हटलें. मुदत संपण्यापूर्वीं नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे; आणि सभा मध्येंच बरखास्त केली तर त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आंत झाली पाहिजे. नगरपालिका बरखास्त करण्यापूर्वीं तिला आपलें म्हणणें मांडण्याची वाजवी संधि दिली पाहिजे, असेंही घटनेंत आहे. निवडणुकीचें काम सरकारकडून काढून राज्य निवडणूक आयोगाकडे दिलें. महाराष्ट्रांत हा आयोग सन १९९४ मध्यें अस्तित्वांत आला.

या नियमांतील एक बारकावा पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. बरखास्तीनंतर निवडलेल्या सभेस नवीं पांच वर्षें मिळत नाहींत. जुन्या सभेचा जेवढा काळ उरला असेल तेवढाच तिला मिळतो. समजा, एखादी नगर परिषद तीन वर्षांनंतर बरखास्त झाली. सहा महिन्यांच्या आंत नवी सभा आली, तरी तिची मुदत मूळच्या पांच वर्षांच्या अखेरीसच संपेल. आणि बरखास्ती चार वर्षें सात महिन्यांनंतर झाली, तर उरलेल्या पांच महिन्यांसाठीं निवडणूक घेण्याचें बंधन नाहीं. या योजनेचा हेतु उघड आहे. अनुकूल वेळ पाहून सभा मोडावयाची व आपल्या माणसांस नवीं पांच वर्षें मिळवून द्यावयाचीं, हा मोह तीमुळें फोल ठरतो. कालगणना करणाऱ्या संशोधकानें मात्र दोन सभांचा काळ मिळून पांच वर्षें झालेली पाहून गोंधळूं नये. तें एकाच मुदतीचे दोन भाग होत.

(८)

आतां सुट्या आसनांकडे वळूं. सभा चालू असतां आसन रिकामें झालें तर पोटनिवडणूक होते, व निवडून आलेला सभासद आपल्या पूर्वाधिकाऱ्याच्या उरलेल्या काळापुरताच बसतो. मुदत अगदीं थोडी राहिली असल्यास ती जागा तशीच ठेवण्याची मुभा असते. आसन राखीव असेल तर भरतांनाही तें राखीवच राहतें. कांहीं आसनें रिकामीं होतीं एवढ्यावरून सभेचे ठराव रद्द ठरत नाहींत. गणपूर्ति झाली असली म्हणजे पुरे. परंतु ग्रामपंचायतींत निम्म्याहून अधिक आसनें मोकळीं झालीं तर तीच गोष्ट बरखास्तीस कारण होऊं शकते. चौथा प्रसंग दुसऱ्यांत परिणत होतो तो येथें. अलीकडे आसनें रिकामीं होण्याचीं कारणें पूर्वींहून वाढलीं आहेत. राखीव जागेवर निवडून आलेल्यानें मुदतींत जातवैधतेचें प्रमाणपत्र न दिल्यास त्याची निवड रद्द होते. सरकारी जागेवरील अतिक्रमणामुळें सभासद अपात्र ठरतो. म्हणून आजच्या पुस्तकांत एका मुदतींत एकाच आसनावर दोन-तीन नांवें दिसलीं तर नवल नाहीं.

न्यायालयाच्या निकालानें अनेक आसनें एकदम रिकामीं झाल्याचेंही उदाहरण जवळच आहे. ता. ४ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयीं निकाल देतांना, एकूण आरक्षण निम्म्याहून अधिक होतें तेथील जादा जागांवरील निवडी रद्द ठरविल्या. नागपूर, अकोला, वाशीम इत्यादि जिल्हा परिषदांतील कांहीं सभासद त्यामुळें गेले, व ता. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं तेथें पोटनिवडणुकी झाल्या. नागपूर जिल्हा परिषदेंत अशा १६ जागा होत्या. सभा मोडली नाहीं, तिची मुदतही बदलली नाहीं. आसनें तेवढीं बदललीं.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यांत प्रश्न याहून बिकट होता. तेथील अनुसूचित क्षेत्रांत पंचायतीचें अध्यक्षपद आदिवासींसाठीं राखीव असतें व निदान निम्मीं आसनेंही त्यांच्यासाठीं असतात. परंतु नक्षलवाद्यांनीं निवडणुकींवर घातलेल्या बहिष्कारामुळें व त्यांच्या धाकानें कित्येक गांवीं उमेदवारी अर्जच येत नसत. पोटनिवडणूक लावावी, पुन्हा अर्ज येऊं नये, आणि आसन पुन्हा रिकामेंच राहावें, असें चक्र चाले. घटनेनें सरकारवर मुदतीचें बंधन घातलें. पण भ्यालेल्या माणसास उमेदवार करणें कोणत्याही मुदतीच्या हातीं नसतें. याच मुलखांत त्याची दुसरी बाजूही दिसते. ग्रामसभा ही गांवांतील सर्व मतदारांची सभा; तिला आसनें नाहींत, म्हणून तिचें आसन रिकामें होत नाहीं, व तिला बरखास्तही करतां येत नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें अशा ग्रामसभेच्या बळावर सन २००९ मध्यें आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. अशा ग्रामसभांचीं ठराव-पुस्तकेंही आमच्या मतें संग्रहणीय आहेत. हाजिर मजालशीच्या यादीशीं त्यांचें नातें फार जवळचें आहे.

(९)

घटनादुरुस्तीनें खंडाचा प्रश्न कायमचा मिटला असें मात्र झालें नाहीं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत राहिल्यामुळें महाराष्ट्रांतील बहुतेक स्थानिक सभांच्या निवडणुकी लांबल्या. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, चंद्रपूर महानगरपालिकेचीही त्याच सुमारास संपली, व कारभार प्रशासकांकडे गेला. ता. ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुकी घेण्याचा आदेश दिला. पुढें ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मर्यादा घालून दिली. त्यानुसार नगर परिषदा व नगर पंचायतींचें मतदान मुख्यतः ता. २ डिसेंबर २०२५ रोजीं झालें. त्यांत चिमूर नगर परिषद व त्याच तालुक्यांतील भिसी नगर पंचायत होती. मतमोजणी ता. २१ डिसेंबर रोजीं झाली. चंद्रपूर महानगरपालिकेचें मतदान ता. १५ जानेवारी २०२६ रोजीं झालें.

म्हणजे जेथें मुदतीच्या आंत निवडणूक व्हावयाची, तेथें साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला. हा काळ सभा तहकूब करणाऱ्या एखाद्या हुकमानें आला नाहीं, बरखास्तीनेंही आला नाहीं. मुदत संपली व पुढचें पाऊल पडलें नाहीं, इतकेंच. जुन्या अधिक्रमणाच्या हुकमांत निदान कारण व कालावधि लिहिलेला असे. या नव्या खंडाचें कारण एका कागदावर कोठेंच लिहिलेलें नाहीं. तें न्यायालयाच्या तारखा, आयोगाचीं पत्रकें, प्रभागांचे बदललेले नकाशे व प्रशासकीय ठराव यांत विखुरलेलें आहे. पन्नास वर्षांनंतर एखाद्या अभ्यासकास, त्या वर्षांत या गांवच्या पाण्याचा, रस्त्याचा वा घरपट्टीचा निर्णय कोणी व कोणत्या अधिकारानें केला, असा प्रश्न पडेल. त्याचें उत्तर हे कागद आज जपले तरच मिळेल.

(१०)

यावरून खंड पडलेलें दप्तर हातीं आल्यास तीन प्रश्न क्रमानें विचारावे. आसनें कशानें मोकळीं झालीं: मुदतीनें, हुकमानें, निकालानें, कीं एकेकट्या सभासदाच्या जाण्यानें? मधल्या काळांत सभेचे अधिकार कोणी व कोणत्या कलमाखालीं चालविले? आणि नवे सभासद पूर्ण मुदतीचे आहेत कीं उरलेल्या मुदतीचे? पहिल्याचें उत्तर राजपत्रांतील अधिसूचनेंत व न्यायालयाच्या निकालांत, दुसऱ्याचें कार्यभार घेतल्या-दिल्याच्या यादींत व प्रशासकीय ठरावांत, आणि तिसऱ्याचें निवडणुकीच्या जाहीर पत्रकांत मिळतें. हीं तीन उत्तरें मिळालीं कीं दोन वाटणारीं दप्तरें एकच आहेत, हें बहुधा दिसून येतें. खात्री करण्यास मोहोर पाहावी. नांव व दर्जा बदलला नसेल तर खंडापूर्वींची व नंतरची मोहोर एकच असते.

चिमूर, भिसी, वरोरा व ब्रह्मपुरीकडील जुन्या घराण्यांत आजोबा-पणजोबा लोकल बोर्डावर किंवा जनपदावर असल्याच्या आठवणी आहेत, त्यांनीं आपल्या माळ्यावरील गठ्ठे एकदां सोडून पाहावे. सभेचीं निमंत्रणें, मुकद्दमांच्या याद्या, छापील मतदारयाद्या, उमेदवारांचीं हस्तपत्रकें, राजीनाम्याच्या नकला, यांतील एकही कागद क्षुल्लक नाहीं. ज्यांस मूळ कागद देणें शक्य नसेल त्यांनीं नक्कल द्यावी. गठ्ठा ज्या क्रमानें बांधलेला असेल तो क्रम मोडूं नये. आणि मधलीं एका सहीचीं पानें वेगळीं काढूं नयेत. आधींची सभा व नंतरची सभा एकच आहे, हें सिद्ध करणारा पुरावा त्याच पानांवर असतो.